अळणी लापशी की अगोड लापशी?

प्रश्न
परवा गव्हाच्या भरड्याची लापशी केली. सासूबाईंनी (त्या बार्शीकडच्या) पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "अळणी झालीय गं." मी मुकाट्याने गूळ वाढवला. नवऱ्याचं म्हणणं, अळणी म्हणजे बिनमिठाचं; गोडाचा पदार्थ अळणी कसा होईल? मी देवगडची. आमच्याकडे सकाळी उकड्या तांदळाची पेज, त्यात मीठ, सोबत लोणच्याची फोड. त्यामुळे पेज अळणी होते हे कळतं. पण गूळ कमी पडलेल्या लापशीला किंवा खिरीला तुमच्याकडे काय म्हणतात? आणि तुम्ही घालता काय, गूळ की साखर?

१
अगोड. आमच्या पुण्यातल्या घरात चहाही अगोड होतो आणि खीरही. साखर मुद्दामच घातली नसेल तर तो बिनसाखरेचा चहा. अगोड म्हणजे हवी होती तेवढी पडली नाही. त्यात जराशी तक्रार असते.

२
नागपूरकडे आम्ही फिका म्हणतो, हिंदीचा शेजार. बाकी मला लापशीत रस नाही. ज्वारीच्या कण्या, ताक, वरून लसणाची चुरचुरीत फोडणी. विदुराने कृष्णाला वाढलेल्या कण्या गोड होत्या की ताकातल्या, यावर आमच्या घरी वाद होऊन गेलाय. मी ताकाच्या बाजूने.

३
नवऱ्याचं व्युत्पत्तीने बरोबर आहे. अ + लवण, त्यातून अळणी. पण त्यांनी फार ताणू नये, कारण चवीच्या शब्दांनी मराठीत बरीच घरं बदलली आहेत. आपलं 'मीठ' आलं संस्कृत 'मिष्ट'वरून, म्हणजे रुचकर, गोड. हिंदीत त्याचाच मीठा झाला. गुजरातीची तर कमाल, मीठुं म्हणजे मीठही आणि गोडही. उलट 'गोड' आला गुडावरून, म्हणजे गुळावरून, आणि आपण गोडं वरण म्हणतो ते हिंग-हळद-मिठाचं. गोडं पाणी म्हणजे खारं नसलेलं, त्यात साखर कुठली? 'शिरा' हा शब्द फारसी, तिकडे शीरा म्हणजे पाक किंवा रस. तरी आमची आजी उपम्याला तिखटमिठाचा शिराच म्हणायची. तेव्हा सासूबाईंनी गुळाच्या कमतरतेला अळणी म्हटलं असेल तर भाषेला काही दुखापत होत नाही.

४
कोल्हापूरकरांना विचारा अळणी म्हणजे काय! आमच्या मटणाच्या अळणी पाण्यात मीठ व्यवस्थित असतं, नसते ती चटणी. म्हणजे इथे अळणी म्हणजे बिनतिखटाचं.
खपली गव्हाच्या खिरीला सीमेलगत हुग्गी म्हणतात, शब्द कन्नड. तिकडे मूगडाळ-तांदूळ-मिऱ्याची खारा हुग्गीही असते (खारा म्हणजे त्यांच्याकडे तिखट), म्हणून 'सिही', म्हणजे गोड, असं वेगळं सांगावं लागतं. आपल्याकडे शब्द आला तो गूळ घेऊनच.
आणि एक विनंती. नाचणीच्या पिठात दूध-साखर घालून त्याला आंबील म्हणू नका. नावातच आम्ल आहे. ताक घाला, नाहीतर दुसरं नाव शोधा.

५
गूळ की साखर, तर गूळच. पण उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटतं. लापशी पाण्यात शिजवायची, गूळ विरघळला की उतरवायची, दूध ज्याने त्याने वाटीत घ्यावं. कोकणात नारळाचा रस घालतात. मला तोच जास्त आवडतो, शिवाय फाटण्याची धास्ती कमी.
आणि चिमूटभर मीठ! गोडी त्यानेच खुलते. दुधाची खीर असेल तर मात्र आमच्याकडची जुनी माणसं मीठ घालू देत नाहीत, आयुर्वेदात दूध आणि मीठ विरुद्ध म्हणून.

६
क्र. ३, मग 'गोडमिट्ट'मधला मिट्ट पण मिष्टच का?

३ (पुन्हा)
मोह होतो, पण नसावा. काळोखही मिट्ट असतो, तो कुठे गोड असतो? ते नुसतं जोर देणारं शेपूट, तिखटजाळमधल्या जाळसारखं. जास्त गोडाला गोडमिट्ट, कमी गोडाला अगोड, आणि नको तिथे गोड लागलं की गुळचट. भाजीत गूळ जास्त पडल्यावर माझ्या नशिबी येतो तो हा शेवटचा.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. 'अगोड' माहीत होता, पण वेळेवर आठवला नाही. क्र. ५ वाचून आत्ता सासूबाईंना थेट विचारलं. म्हणाल्या, "गूळ बरोबर होता की. तू मीठ घालायला विसरली होतीस. वर गूळ कशाला ओतलास?"