आजोळ ग्रुप: माडीवरच्या ट्रंकेतला मास्क

मामी: सोमवारपासनं रंगकाम चालू होतंय म्हणून माडीवरची ट्रंक रिकामी करतीय. फोटो टाकलाय बघा, हे लाल टोपडं कुणाचं आहे? डोळ्यापाशी दोन भोकं आणि मागं बुटाची नाडी ओवलीय. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात घालू का?

सोनू: मामी थांबा!!! घालू नका!!!

बंटीदादा: आई ते टोपडं नाही गं, मास्क आहे. मुचा लुचा चा. मी ऑफिसात बसलोय आणि फोटो बघून अंगावर काटा आला खरंच

छोटी: मुचा काय? मी होते का तेव्हा

ताई: तू पाळण्यात होतीस गं

सोनू: छोटी सांगतो. 2005 च्या मे महिन्याची सुट्टी, आम्ही सगळे सांगलीला. कार्टून नेटवर्कवर मुचा लुचा लागायचं. एक गाव, तिथली सगळी माणसं मास्क घालून फिरतात, आईबाप मास्कमध्ये, मास्तर मास्कमध्ये, बाळंसुद्धा मास्कमध्ये, आणि तिथं कुस्ती शिकवणारी शाळा. रिकोशे, ब्वेना गर्ल आणि द फ्ली हे तिघं दोस्त. रिकोशे अंगाचा गोळा करून पिनबॉलसारखा भिंतीभिंतीवर आपटत यायचा, ब्वेना गर्ल रोडरोलर व्हायची, आणि फ्ली म्हणजे पिसू, नावासारखाच, कधी आंघोळ न करणारा. त्यांच्या शाळेचे नियम होते, मान, घराणं, परंपरा आणि डोनट. डोनट आम्ही कुणीच बघितलेला नव्हता तेव्हा, आम्हाला वाटायचं मेदूवडाच आहे, आणि मामी तुम्ही एकदा आमच्यासाठी मेदूवडे केले होते त्याला साखर लावून आम्ही खाल्ले होते

मामी: अरे देवा ते त्यासाठी होतं होय. मला वाटलं सांबार तिखट झालं पोरांना

बंटीदादा: आणि भारनियमन! फायनल मूव्ह मारायला उडी घेतली की लाइट जायची. मग उरलेली कुस्ती आम्ही अंगणात पूर्ण करायचो. टीव्हीवर कोण जिंकलं ते कधी कळायचंच नाही त्यामुळं आमचा निकाल तोच खरा निकाल

सोनू: ते कार्टून 2002 ला अमेरिकेत सुरू झालं, 2005 ला संपलं. एडी मोर्ट आणि लिली चिन या दोघांनी बनवलेलं. आणि कॉम्प्युटरवरच्या फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या अगदी पहिल्या टीव्ही कार्टूनांपैकी ते एक, म्हणून त्या जाड काळ्या रेघा आणि ते भडक सपाट रंग. मी आज ॲनिमेशनमध्ये काम करतो त्याचं मूळ तिथंच आहे. डिझाइन शिकताना पहिल्या वर्षी फ्लॅश उघडलं, पहिली जाड रेघ ओढली आणि डोक्यात लगेच आलं की अरे ही तर रिकोशेची रेघ

मामा: मला आठवतं सगळं. आबा पहिल्यांदा बघून लई चिडले होते. म्हणाले तोंड झाकून कसली कुस्ती. पैलवान मैदानात उतरला की चार गावच्या लोकांना त्याचं तोंड दिसलं पाहिजे, कुणाचा पोरगा, कुठल्या तालमीचा ते कळलं पाहिजे. खासबागेत कुस्त्या बघितलेला माणूस तो, त्याला हे कुठलं पटायला

ताई: मामा आबांना मी हे सांगायला हवं होतं असं मला तिकडं गेल्यावर फार वाटलं. त्या कार्टूनातली मास्कची कुस्ती मूळची मेक्सिकोचीच, आणि दोन वर्षं मेक्सिको सिटीला होतो ना आम्ही, तर एका शुक्रवारी रात्री अरेना मेहिकोत गेलो. शुक्रवारची कुस्ती म्हणजे त्यांच्याकडं ठरलेली. 1956 सालची ती इमारत, साधारण 16 हजार माणूस बसतं, लोक तिला कुस्तीचं कॅथेड्रल म्हणतात. बाहेर फुटपाथवर ओळीनं मास्क टांगलेले, जत्रेत टांगतात तसे. आत आजी आजोबा, तान्ही पोरं, ऑफिसातून थेट आलेली माणसं, सगळे ओरडतायत. दोन बाजू असतात, टेक्निको म्हणजे नियमानं खेळणारे आणि रुडो म्हणजे दांडगाई करणारे, आणि माझ्या शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या बाई रुडोच्या बाजूच्या, त्या उभ्या राहून टेक्निकोला अशा काही शिव्या घालत होत्या की मला शब्द कळत नव्हते तरी कान तापले. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या. आणि तोंड झाकलेलं असलं तरी कोण कुणाचा, कुठल्या घराण्याचा ते अख्ख्या हॉलला माहिती असतं, कारण मास्क बापाकडून पोराकडं जातो. नाव पण मास्कचंच जातं, अमक्याचा मुलगा, तमका ज्युनिअर. म्हणजे आबा म्हणत होते तेच की, कुणाचा पोरगा, कुठल्या तालमीचा

मामा: असं आहे होय. हे त्यांना आवडलं असतं बघ

ताई: आणि एल सांतो. चंदेरी मास्कवाला. 1942 पासून त्या नावानं लढला, सिनेमे केले, त्याच्यावर चित्रांची पुस्तकं निघाली, आणि चारचौघांत कधी मास्क काढला नाही. 1984 च्या जानेवारीत एका टीव्ही कार्यक्रमात त्यानं मास्क थोडासाच वर करून चेहरा दाखवला आणि 5 फेब्रुवारीला वारला. पुरला पण मास्क घालूनच. त्याचा मुलगा पुढं तसाच चंदेरी मास्क घालून लढला. हे मला तिथल्या टॅक्सीवाल्यानं सांगितलं तेव्हा त्याचा आवाज आपण पंढरपूरचं बोलतो तसा झाला होता

छोटी: मग मास्क हरतात का कधी

ताई: हरतात ना. तीच तर सगळ्यात मोठी कुस्ती, मास्क विरुद्ध मास्क. हरलेल्यानं तिथंच सगळ्यांसमोर मास्क काढायचा, आपलं खरं नाव सांगायचं, कुठल्या गावचा, किती वर्षं लढतोय ते सांगायचं. नंतर तो मास्क परत घालायचा नाही. सांतोनं 1952 ला ब्लॅक शॅडोचा मास्क असाच घेतला. पण पैजेत जिंकून घ्यायचा, ओढून नाही. कुस्ती चालू असताना समोरच्याचा मास्क ओढून काढला तर ओढणारा बाद

सोनू: दादा

सोनू: हे वाचून मला एक बोलायचंय. वीस वर्षं झाली, कधी बोललो नाही. शेवटच्या दिवशी आपली मास्क विरुद्ध मास्क ठरली होती तुळशीपाशी. मी फ्ली, कारण मी सगळ्यात बारका आणि फ्ली कुणालाच व्हायचं नसायचं. पण मला तो खरंच आवडायचा, सगळे त्याला घाण म्हणायचे तरी तो रिंगमधून पळायचा नाही. तू मला चीतपट नव्हतं केलंस. माझी पाठ लागली नव्हती. तू मागून नाडी धरून मास्क ओढलास, तो कानापाशी टर्रकन फाटला आणि तू जिंकलो म्हणून ओरडलास. मी त्या रात्री जेवलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही पुण्याला गेलो

बंटीदादा: सोन्या मला आठवतं. तू जिना उतरताना मागं वळून बघितलं नव्हतंस ते पण आठवतं. मी तेव्हा बारा वर्षांचा, तुझ्यासारख्या चिमुरड्याकडून हरायची भीती वाटली मला, कारण तू खरंच खाली येत नव्हतास, मांडी धरून बसला होतास माझी. माझं चुकलं रे. माफ कर. ताईनं नियम सांगितलाय, मी बाद. कुस्ती तुझी

ताई: पंच म्हणून मी निकाल देते, सोनू विजयी. मी ब्वेना गर्ल होते, नियमांची वही माझ्याकडं असायची

सोनू: असू दे रे दादा. तू कबूल केलंस ना, बस. पण मामी एक सांगा, फोटोत डाव्या कानापाशी पांढऱ्या दोऱ्यानं शिवलंय ते काय आहे? तो फाटलेलाच राहिला होता ना? मला वाटलं फेकून दिला असेल तेव्हाच

मामी: हो रे दिसतंय. मशीनची शिलाई नाही ही, हातचे टाके आहेत, एकात एक घेतलेले जाड. आजींचे टाके असे नव्हते, त्यांचा टाका दिसायचा पण नाही

मामा: आबांचे आहेत ते

मामा: तुम्हा पोरांना माहीत नसंल. मास्क आजीनं शिवला खरा पण कापड आबांनी दिलं होतं. लंगोटाचं लाल कापड, त्यांच्या तालमीच्या पिशवीत कोरं पडलेलं. वस्तादांकडनं मिळालेलं ते, गुडघा गेल्यावर त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. रागावले ते पहिले दोन दिवस, मग तुम्ही उन्हात अंगणात धडपडताना बघून आजीला म्हणाले दे कापून, पोरं मातीत उतरली तर आहेत. तुम्ही गेल्यावर संध्याकाळी माडीच्या गॅलरीत बसून फाटलेलं त्यांनी स्वतः शिवलं. चष्मा लावून, सुई ओवून मीच दिली होती. म्हणाले दिवाळीला येईल सोन्या तेव्हा बांधून देतो नीट, नाडी आवळायला शिकवतो म्हणजे कुणाला ओढता येणार नाही

सोनू: दिवाळीला आम्ही आलो ते आबांच्या दिवसांना

मामा: हो

छोटी: मला आबा आठवतच नाहीत. मास्क मला एकदा हातात घ्यायचाय फक्त

बंटीदादा: सोन्या शनिवारी निघतोस का? मी कोल्हापूरवरनं येतो. रंगकाम सुरू व्हायच्या आत ट्रंक नीट बघून घेऊ, तालमीची पिशवी पण असंल कुठंतरी

सोनू: शनिवारी पहाटेच्या गाडीनं येतो. मामी तोवर मास्क धुवू नका प्लीज, माती असेल तर असू दे

मामी: नाही धुवत. देवघराच्या कपाटात ठेवलाय, वर्तमानपत्रात गुंडाळून. आणि शनिवारी मेदूवडे करते, साखर ज्यानं त्यानं लावून घ्या