अंधाऱ्या दालनातला मोबाइल: दृक्‌श्राव्य इतिहास-प्रदर्शनांत छायाचित्रणाला मुभा असावी का?

वाटसरू (चर्चाप्रस्ताव):
अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश का वापरू देत नाहीत, हे कोणालाही पटते. तिथले रंग एकदा गेले की परत येणार नाहीत. परंतु पुण्यातील आंबेगावच्या शिवसृष्टीत (शिवाजी महाराजांच्या इतिहासावरील प्रकल्पात) २०२३ साली खुल्या झालेल्या सरकारवाड्यात, किंवा दिल्लीच्या तीन मूर्ती आवारातील प्रधानमंत्री संग्रहालयात, जे केवळ प्रकाशाने भिंतीवर उमटते त्याला कॅमेऱ्याने कसली इजा होणार? अशा दालनांत सरसकट मनाई करणे म्हणजे जुन्या वस्तुसंग्रहालयांचा नियम विचार न करता पुढे चालवणे होय. शिवाय पडद्यावरचा मजकूर वाचून होण्याआधीच बदलतो, त्यामुळे इतिहास शिकवणाऱ्याला तो टिपून घेण्याचा दुसरा मार्ग उरत नाही. फ्लॅश बंद ठेवून स्थिरचित्रे काढू द्यावीत.

कंदील:
असहमत. वस्तूला इजा होत नसेल, पण अंधाराला होते, आणि अशा प्रदर्शनाची सारी भिस्त अंधारावरच असते. फ्लॅश बंद केला तरी मोबाइलचा पडदा उजळतोच. पुढच्या चौघांनी हात उंचावले की मागच्यांना प्रसंगाऐवजी चार चकाकते चौकोन दिसतात. कायद्याचेही भान ठेवावे. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम १४ नुसार चित्रपटातील एखाद्या दृश्याचे छायाचित्र ही त्याची प्रतच ठरते.

वाटसरू:
त्याच अधिनियमाचे कलम ५२ खासगी वापराला आणि संशोधनाला सवलत देते, हे आपण सोडून दिलेत. आणि दिल्लीच्या त्या संग्रहालयाने तर प्रेक्षकाला आपल्या आवडत्या पंतप्रधानांशेजारी उभे असल्याचे छायाचित्र काढून देण्याची सोय केली आहे. म्हणजे छायाचित्राचे वावडे खुद्द संग्रहालयांनाही नाही. मागच्यांच्या अडचणीचा मुद्दा मात्र मान्य.

दप्तरदार:
दोघेही दालनाच्या आतच अडकला आहात; माझी काळजी चित्र बाहेर पडल्यानंतरची आहे. इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून आपल्याकडे दीर्घकाळ चालले, आणि इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल समकालीन चित्र पुढे आणले तेव्हा कुठे ती चूक उघड झाली. तो काळ छापखान्यांचा होता. आज संगणकावर रचलेला दरबार कोणी मोबाइलवर टिपला, की मोबाइलवरच्या दोन गटांतून फिरेपर्यंत तो ‘दुर्मिळ चित्र’ होतो, कारण ही कलाकाराची कल्पना आहे असे सांगणारा निवेदकाचा आवाज स्थिरचित्रात येत नाही.

वाटसरू:
मग प्रत्येक दृश्याच्या कोपऱ्यात ‘कल्पनाचित्र’ असे लिहावे.

दप्तरदार:
कोपरा कापायला बोट पुरते. त्यापेक्षा दालनातील मजकूर आणि त्याचे आधारग्रंथ यांची पुस्तिका तिकिटासोबत द्यावी. शिक्षकाची गरज तेवढ्याने भागते.

वाटसरू:
अशी पुस्तिका मिळाली तर मी मोबाइल खिशात ठेवीन. ती मिळेपर्यंत मनाईला माझा विरोध कायम आहे.