भीतीला अंधार लागतोच असं नाही

एकानं म्हटलंय, सिनेमात अंधार आणि दणदणीत आवाज नसेल तर भीती वाटतच नाही. नाही पटलं बुवा. माया डेरेन आणि अलेक्झांडर हॅमिड यांची १९४३ची 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' ही फिल्म बघा, जेमतेम १४ मिनिटांची. बरंचसं लख्ख उन्हात घडतं. मूळ फिल्म मूकच, तेइजी इतोचं संगीत १९५९ साली चढवलं. मी आवाज बंद करून बघितली आणि जास्तच टरकलो. पावातली सुरी, काढून ठेवलेला फोन, तोंडातून निघणारी किल्ली, सगळ्या घरातल्याच वस्तू. काळ्या झग्यातली आकृती वळते आणि चेहऱ्याच्या जागी आरसा! फिल्ममधली बाई तिच्या मागं पळते, आकृती नुसती चालते, तरी हाती लागत नाही.

आम्हा मराठवाड्यातल्यांना दुपारची भीती नवी नाही. परभणीकडच्या आमच्या गावात आजी बाराच्या टायमाला विहिरीकडं फिरकू द्यायची नाही. माळवदाच्या घरात सगळे आडवे झालेले, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि झरोक्यातून आलेला उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकतोय. एकदा तो कुणी हात आडवा धरल्यासारखा विझला. आजी म्हणाली, ढग असंल.

मे महिन्यात?