कुर्डी गावासाठी साउंड पीस करायचाय, पण आजीने पहिलाच ट्रॅक नापास केला

सांगेकर_नात:
नमस्कार मंडळी. माझ्या आईचं माहेर कुर्डी, गोव्यात सांगे तालुक्यात. साळावली धरण झालं तेव्हा, म्हणजे ८६ च्या सुमारास, सगळं गाव पाण्याखाली गेलं आणि लोकांना वाडे आणि वालकिणी या दोन गावांत जागा मिळाल्या. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की गाव वर येतं, घरांची जोती, नारळाची खोडं, भेगाळलेला चिखल, आणि तेवढ्या दिवसांत जुने लोक परत जातात, सोमेश्वराचा उत्सव होतो, चॅपेलचं फेस्त होतं. तर मला तिथे या मेमध्ये एक २० मिनिटांचा साउंड पीस ऐकवायचाय, म्हणजे लोक जोत्यांमधून फिरतायत आणि हेडफोनवर जुनं गाव ऐकू येतंय असं काहीतरी.

ट्रॅक बनवला पण. कोंबडा, विहिरीचा रहाट, गाईच्या घंटा, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू, देवळाची घंटा, आणि शेवटी गायिका मोगूबाई कुर्डीकरांची जुनी रेकॉर्ड, कारण त्या मूळ कुर्डीच्याच ना. मला तर ऐकताना काटा आला. आजीला ऐकवला, तिने दोन मिनिटं ऐकून हेडफोन काढला आणि म्हणाली "हो आमचो आवाज न्हय गो" (हा आमचा आवाज नाही गं). नंतर मी चेक केलं तर गाईच्या घंटेची फाइल नेटवरून घेतलेली, ती स्वित्झर्लंडची निघाली 🤦 कोणी असं काम केलंय का? काय चुकतंय?

टेपवाला_नाना:
आजीला साष्टांग नमस्कार सांग. तू गाव नाही बनवलंस, मालिकेतलं खेडं बनवलंस. कोंबडा कुठल्याही गावात आरवतो. कॅनडात मरे शेफर म्हणून होते, ७० च्या दशकात व्हँकुव्हरला त्यांनी आणि त्यांच्या टीमने जागांच्या आवाजांची नोंद करायचं मोठं काम केलं, त्यांचा एक शब्द आहे साउंडमार्क, लँडमार्कसारखा, म्हणजे त्या जागेचा असा आवाज जो दुसरीकडे नाही. तुला तो शोधायचाय, आणि तो नेटवर मिळणार नाही.

आणि मोगूबाईंचं म्हणशील तर माझं मत जरा कडू आहे. त्या जन्मल्या तिथे १९०४ ला हे खरं, पण लहानपणीच आईबरोबर नाटक कंपनीत गेल्या, पुढची तालीम जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांची, आणि गाणं बहरलं ते मुंबईत. कुर्डीतल्या बाईला सकाळी भाकऱ्या थापताना मोगूबाई ऐकू येत होत्या का? आजीलाच विचार. पडक्या जोत्यावर जयपूर घराण्याचा आलाप लावला की कोणालाही रडू येतं, तुझ्या पीसने काही केलेलं नसतं त्यात.

घुमटप्रेमी:
नानांशी अर्धा सहमत, नाव कुर्डीकर लावलं बाईंनी जन्मभर, एवढा हक्क गावाचा आहे की. पण ठेवलीस तर रेकॉर्ड कधीची आहे ते बघ, आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो.

मी सांगतो ते वेगळं. ताई तू घुमट (आपलं मातीचं, कातडं लावलेलं वाद्य) घालणार असशील तर आत्ताचं रेकॉर्ड करू नकोस. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. नाद वेगळा येतो. जुनी माणसं एका थापेत ओळखतात.

आणि एक सोन्यासारखी गोष्ट तुझ्याकडे आहे ती तू लिहिलीच नाहीस! कुर्डीचं महादेवाचं जुनं देऊळ धरणात जाऊ दिलं नाही, दगडावर नंबर टाकून उचलून धरणाजवळ परत उभारलं. म्हणजे गावातली एक खोली अजून तश्शीच घुमते. आत उभी राहून एक टाळी वाजव, रेकॉर्ड कर, तिचा घुमारा मिळेल, आणि कन्व्होल्यूशन रिव्हर्ब नावाचं प्लगइन असतं त्यात तो टाकलास की आजीचा घरात रेकॉर्ड केलेला आवाजसुद्धा त्या गाभाऱ्यात बोलल्यासारखा येतो. लोक यासाठी फुगा फोडतात पण देवळात फुगा फोडू नको, आधी परवानगी घे 😄

सांगेकर_नात:
अरे देवा हे डोक्यातच आलं नाही. त्या देवळात मी दहा वेळा गेलेय, फोटो काढून परत.

भीमाकाठचा:
आमचं गाव उजनी धरणात गेलं, मी धरणानंतरचा, त्यामुळे मला आठवायला काहीच नाही, जे आहे ते वडलांचं. पाणी आटलं त्या वर्षी त्यांना घेऊन गेलो, कॉलरला माइक लावला आणि म्हटलं पारापासून नदीपर्यंत चाला आणि कोणाचं घर ते सांगत चला. एरवी त्यांना माझ्या मुलाचं नाव पटकन आठवत नाही, तिथे चाळीसेक घरं ओळीने सांगितली, मध्ये एका ठिकाणी थांबले, नुसता चिखल मोडल्याचा कर्र कर्र आवाज आणि वारा, आणि मग म्हणाले "इथं बोळ होता, बैलगाडी अडकायची". मी काहीच एडिट केलं नाही. तो आवाज नव्या गावठाणात लोकांना ऐकवला तर भांडण लागलं राव, एक म्हातारी म्हणे बोळ आमच्या घराच्या अलीकडं होता. पाऊण तास भांडले. मला वाटतं तो खरा पीस होता, मी रेकॉर्डर बंद करून बसलो होतो, अजून हळहळतो.

तुमच्यात पण वाडे-वालकिणीत जाऊन ऐकवा आधी. आणि घंटेचा आवाज कसा होता ते आजीला तोंडाने काढायला सांगा, फाइल शोधत बसू नका.

टेपवाला_नाना:
हे भारी आहे भीमाकाठचे. नातबाई, याच्यापुढे माझं सगळं पुस्तकी समज.
फक्त एक, पावसाळ्यात साळावली भरून वाहतं तेव्हा त्या अर्धगोल सांडव्यात पाणी कोसळतं त्याचा आवाज घेऊन ठेव. गाव ज्याने बुडवलं तो आवाज आहे तो. मेमध्ये कोरड्या जोत्यावर हळू लाव, वापरायचा की नाही नंतर ठरव.

सांगेकर_नात:
आज आजीला विचारलं घंटा कशी होती. ती म्हणाली पितळेची कुठली, लाकडाची, आणि जिभेने टाळूवर टॉक टॉक टॉटॉक असं केलं, मग म्हणाली आमच्या काळ्या गाईची जरा जड होती आणि पुन्हा केलं, खालच्या सुरात. फोनवरच रेकॉर्ड केलं, मागे मिक्सर चालू आहे मामीचा, पण तेच ठेवणार. मोगूबाई सध्या बाजूला. मेमध्ये यायला तयार आहे, फक्त म्हणाली खुर्ची घे आणि छत्री घे, तिथे आता एक झाड राहिलं नाही.

उन्हात रेकॉर्डर बंद पडतो का हो? स्वस्तातलाच आहे.

घुमटप्रेमी:
पडू शकतो. छत्रीच्या सावलीत ठेव. आणि वाऱ्यासाठी माइकला केसाळ टोपी घेच, तिथे वारा मोकळा आहे.