पोरं घरी ठेवून राहिलेली चक्रम हॉटेलं: अनुभव येऊ द्या

अबोली
भाचीचं लग्न ठरलंय. काल फोनवर म्हणाली, मावशी, आम्ही लिस्बनला जातोय, तू राहिली होतीस ते हॉटेल कुठलं गं? आणि मला एकदम ती लाल टाकी आठवली. टाकीच म्हणायची, पोहायला दोन हात मारले की भिंत.

मेमो आल्फामा, आल्फामा या जुन्या वस्तीतलं. मोठ्यांसाठीच, पोराटोरांना प्रवेश नाही. टॅक्सीवाल्याने कॅथीड्रलजवळ बोळाच्या तोंडाशी उतरवलं, पुढे दगडी फरशीवर बॅगांचा खडखडाट. गच्चीत गेलो आणि गप्पच झालो. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली कौलं, तारांवर वाळत घातलेल्या चादरी, चर्चचे मनोरे आणि टोकाला तेजो नदी, खाडीसारखी रुंद. १७५५ च्या भूकंपात खालचं शहर कोसळलं, ते नंतर सरळ रस्ते आखून बांधलं. आल्फामा बरंचसं वाचलं, म्हणून तिथले बोळ अजून वाकडेच आहेत. एका सकाळी पडदा सारला तर नदी गायब! समोर पांढरीशुभ्र बहुमजली इमारत. क्रूझचं जहाज होतं ते. संध्याकाळी भोंगा देऊन गेलं तेव्हा नदी परत मिळाली.

दोन्ही पोरं सासूबाईंकडे ठेवून, एवढे पैसे मोजून शांतता विकत घेतली होती. आणि पहिली आख्खी सकाळ आम्ही त्या टाकीत पाय सोडून व्हिडिओ कॉलवर धाकट्याचे पाढे घेत होतो. शेजारचं जोडपं पुस्तकं मिटून बघत बसलं. तेरा चोक बावन्न.

मुक्कामपोस्ट
हाहाहा, बावन्न!! २८ नंबरच्या ट्राममध्ये पाकीट सांभाळलंत ना? आमच्या हिची पर्स तिथेच गेली. पोलिसांत तक्रार द्यायला गेलो तर आधीच रांग, सगळे ट्राममधलेच.

शेवंता_बर्लिन
बर्लिनचं बिकिनी. सासऱ्यांना नाव सांगायची चोरी. इमारत पन्नाशीच्या दशकातली, मधला मजला उघडा ठेवलेला म्हणून लोकांनी बिकिनी नाव ठेवलं, तेच चिकटलं. हॉटेल २०१४ चं. आमची खोली प्राणिसंग्रहालयाच्या बाजूची, खिडकीला झोळी टांगलेली आणि खाली माकडं. नवरा हौसेने झोळीत चढला. उतरता येईना. मी हसून हसून आडवी, माकडं आपली एकमेकांच्या उवा काढण्यात दंग. दुसऱ्या बाजूच्या खोल्यांतून ते १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात फुटलेलं चर्च दिसतं, मुद्दाम तसंच ठेवलंय. दहाव्या मजल्यावर बार आहे, शहर बघायला तिथेच जा, पण रांग असते. कुकर झाला, आले

विसूभाऊ
तिथे मुलं चालतात. धाग्याचा विषय काय, आपण लिहितो काय.

शेवंता_बर्लिन
विसूभाऊ, नवरा धरलात तर मूल होतंच की बरोबर.

दापोलीकर
माकडं बघायला बर्लिन कशाला? आमच्याकडे रोज सकाळी खिडकीत. शेवग्याच्या शेंगा नेतात, कौलं फोडतात, वर दात दाखवतात. भाडं एक पैसा देत नाहीत.

कोमल_के
@दापोलीकर कापडी वाघ बसवून बघा बागेत. आमच्या गुहागरच्या घरी बसवलाय.

दापोलीकर
बसवला होता. आठवड्याने त्याच्याच डोक्यावर बसून पेरू खात होते.

निशिगंधा७
मी मैत्रिणींसाठी म्हणून बुकिंग केलं होतं, त्या आल्या नाहीत, आईला घेऊन गेले. शहर आणि हॉटेल सांगत नाही. एकविसावा मजला, झगझगतं शहर, सगळं छान. आणि न्हाणीघराला भिंतच नाही! आरपार काच. पलंगावरून सगळं दिसतं. आईने एकदा काचेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग बॅगेतून साडी काढली. अडकवायला हूक नाही, म्हणून तिची आंघोळ होईस्तोवर मी दोन्ही हात वर करून साडी धरून उभी, अंतरपाट धरतात तशी. आतून ती "मंगलाष्टकं म्हण आता" म्हणाली.

मुक्कामपोस्ट
आई थोर आहेत. त्यांनाच आयडी काढून द्या.

पेठकर_आता_टोकियो
टोकियोत शिंजुकूला कॅपसूल हॉटेलात, म्हणजे एका माणसापुरत्या पेटीत झोपलोय. पुरुषांचा मजला वेगळा, चप्पल खाली लॉकरमध्ये, खिडकी नाहीच त्यामुळे शहरदर्शन शून्य. शेजारचा घोरत होता. ही कल्पना कुरोकावा या वास्तुविशारदाची, पहिलं कॅपसूल हॉटेल १९७९ ला ओसाकात झालं. त्याचीच १९७२ ची नाकागिन इमारत, गोल खिडक्यांची, मी डोळ्यांनी पाहिली होती, ती २०२२ मध्ये पाडली. वाईट वाटलं.

विसूभाऊ
आम्सटरडॅमला बंदरातल्या जुन्या क्रेनमध्ये हॉटेल केलंय, फाराल्डा. तीनच खोल्या, वर गरम पाण्याचा हौद. वारा येईल तशी क्रेन वळते, म्हणजे झोपताना समोर असलेलं शहर उठल्यावर समोर असेलच असं नाही. स्टेशनामागून फेरी फुकट आहे, तेवढी आम्ही केली. भाडं वाचून त्याच फेरीने परत.

मंदा_जोशी_
लिहू की नको असं झालं. आम्हाला मूल नाही. कुठेही गेलं की नाश्त्याच्या टेबलावर पहिला प्रश्न तोच, मुलांना नाही आणलंत? मग पुढचे प्रश्न, मग कोणत्या तरी डॉक्टरांचं नाव. पोर्तुगालातल्याच पोर्तो शहरात अशा मोठ्यांच्या हॉटेलात राहिलो होतो, खिडकीत दोउरो नदी आणि तो १८८६ चा दुमजली लोखंडी पूल. तिथे कोणाकडेच पोरं नव्हती, त्यामुळे कोणी कोणाला काही विचारलं नाही. ह्यांनी तिसऱ्यांदा कॉफी मागवली. एरवी हे खाऊन लगेच खोलीत जातात.

अबोली
मंदाताई, बरं झालं लिहिलंत.

कोमल_के
माझी आत्या याच कारणाने लग्नाकार्यांना जायची बंद झाली. लोकांना काय मिळतं कळत नाही.

सुगरण_सातारा
अबोली, शाकाहारी काय मिळतं तिथे? आमचे हे अंडंसुद्धा खात नाहीत

अबोली
मग कस्टर्डची ती प्रसिद्ध टार्ट गेली, अंड्याचा पिवळा बलकच असतो. काल्दु व्हेर्द म्हणजे बटाटा नि पालेभाजीचं सूप, छान लागतं, पण त्यात सॉसेजची चकती टाकतात. आधीच नको म्हणून सांगायचं. मार्तिम मोनिश चौकाच्या आसपास भारतीय दुकानं आहेत. गोव्याची हॉटेलंही आहेत शहरात, पण तिथे मासे आणि मटणच जास्त. थेपले न्या सरळ.

सुगरण_सातारा
थेपले नाही हो, दशम्या. आणि गुडघ्यांचं काय? चढ फार म्हणतात

मुक्कामपोस्ट
गुडघे असतील तर बायशामध्ये, म्हणजे त्या खालच्या शहरात, सपाटीवर राहा. किल्ल्याकडे चढायला रुआ दुश फांकैरुश या रस्त्यावर एका साध्या इमारतीत फुकटची लिफ्ट आहे, पाटी नीट बघा, चटकन दिसत नाही. ती संपली की थोडं चालून दुसरी लिफ्ट, पार्किंगच्या इमारतीत, तिच्या गच्चीवरून पण शहर दिसतं. आम्ही आईला तसंच नेलं होतं. फक्त उतरताना पाऊस असेल तर टॅक्सी करा, तो दगड साबणासारखा होतो.