गॅम्बल हाउस: वाशांची उघडी टोकं आणि एबनीच्या खुंट्या

वास्तुछंद: वास्तुविशारद ग्रीन बंधूंच्या, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथल्या गॅम्बल हाउसचे (१९०८-०९) तपशील अभ्यासते आहे. छपरापुढे वाशांची टोकं उघडी सोडलीत, ती कुजली कशी नाहीत? आणि फर्निचरवरच्या एबनीच्या (काळ्या, कठीण लाकडाच्या) चौकोनी खुंट्या काही धरून ठेवतात की नुसती शोभा?

पाचर: टोकं कुजली होतीच. वळचणीच्या पुढे आल्यामुळे ऊनपाऊस थेट त्यांच्यावर. लाकडाचं कापलेलं तोंड नळ्यांच्या जुडीसारखं पाणी ओढतं, बाजूवरून मात्र ते ओघळून जातं. २००३-०४ च्या दुरुस्तीत इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) वापरून टोकं सावरली. सरसकट नवे वासे घातले असते तर मूळ गोलाई गेली असती, तेव्हा निर्णय योग्यच. असं काम करताना कुजका भाग कोरून काढा आणि लाकूड पूर्ण वाळू द्या. ओलीवर इपॉक्सी धरत नाही. पत्र्याची घट्ट टोपी तर नकोच. आत शिरलेली ओल कोंडते, लाकूड भुसभुशीत होतं आणि बाहेरून पत्ताही लागत नाही.

रंधा: खुंट्या बहुतेक ठिकाणी स्क्रूचं डोकं झाकतात. खरी करामत टेबलाच्या टोकाला असलेल्या आडव्या पट्टीत आहे. फळ्या रुंदीत फुगतात-आखडतात, पट्टी लांबीत जवळजवळ हलत नाही. म्हणून पट्टी फक्त मधोमध पक्की करायची आणि कडांच्या स्क्रूंना लांबट खाच द्यायची. सगळीकडे सरस लावलात तर कोरड्या हवेत फळी चिरणारच.

नक्कल करायची असेल तर भोक पटाशीने चौकोनी, १० मिमी खोल घ्या. खुंटी ९ मिमी लांबीची, नाहीतर स्क्रूवर टेकून वर राहते. माथा आधीच २२० आणि मग ४०० च्या पॉलिश पेपरवर उशीसारखा फुगीर करा, बुडाच्या कडा मारा. बसवल्यावर ती अर्धा ते एक मिमी वर दिसली पाहिजे. ठोकल्यावर सपाट घासली की सगळी मजा गेली.

वास्तुछंद: वास्तुविशारदांना सुतारकामाची इतकी जाण?

पाचर: दोघंही आधी सेंट लुईसच्या मॅन्युअल ट्रेनिंग स्कूलमध्ये लाकूड-धातुकाम शिकले, मग अमेरिकेतल्याच एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत गेले. पण हे घर उभं केलं पीटर हॉलने आणि फर्निचर घडवलं जॉन हॉलने. या भावांचं नाव घेतल्याशिवाय ग्रीन बंधूंचं कौतुक अर्धंच राहतं. आता बर्मा सागवानाचा जिना बघा, आणि बाहेर तुळयांवरचे लोखंडी पट्टेही. ते पाचरींनी ताणलेले आहेत.