अनुभव धागा : सेल्सवाल्यांचा पगार – कागदावर किती, हातात किती?

सेल्समधल्या माणसाला स्वतःच्या पगाराचे दोन आकडे पाठ असतात. एक मुलगी बघायला गेल्यावर सांगायचा आणि दुसरा गाडीत पेट्रोल भरताना आठवणारा. पहिला खोटा नसतो. टार्गेट झालं, वसुली आली आणि मधेच मॅनेजर बदलला नाही, तर तो मिळतोही.

हा धागा दुसऱ्या आकड्यासाठी आहे. औषधं, साड्या, फ्लॅट, बियाणं, विमा, सॉफ्टवेअर, काहीही विकत असाल तर लिहा. फिक्स किती, इन्सेंटिव्ह कशावर बसतो, हातात कधी पडतो आणि कशामुळे कापला जातो, एवढं आलं तरी पुष्कळ. कंपनीचं नाव नको. "बोलता आलं पाहिजे, पैसा आपोआप येतो" छापाची सुभाषितं व्हॉट्सअॅपवरच राहू द्या.

सुरुवात माझ्यापासून. मी रंगांच्या लाइनमध्ये होतो. आमचं वर्ष दसरा-दिवाळीआधीच्या दीड-दोन महिन्यांवर उभं. पाऊस लांबला की भिंती ओल्या, पेंटर घरी आणि डबे डीलरच्या फळीवर. टार्गेट मात्र उन्हाळ्यातच ठरलेलं. माझ्या हाताखाली दोन मुलं होती, एक गोडबोल्या, एक घुम्या. घुम्याकडे चाकण-तळेगाव पट्टा होता, तिथे रोज नवी सोसायटी उठत होती. इन्सेंटिव्ह कायम त्याचाच जास्त. तेव्हापासून कुणी "तो फार भारी सेल्समन आहे" म्हणालं की मी आधी विचारतो, एरिया कुठला?

जुना एमआर

एरियाचं शंभर टक्के पटलं. मी एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं सुचवणारा. माझं हेडक्वार्टर सांगली. मिरजेत हॉस्पिटलं एकमेकांना चिकटून. दुपारी बॅग घेऊन निघालो की संध्याकाळपर्यंत कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, पुरे. गडचिरोलीतला माझा बॅचमेट तेवढ्याच कॉलसाठी जंगलातून बाइक हाणायचा. फिक्स दोघांचा सारखा.

पण चांगल्या एरियाचीही एक गंमत असते. टार्गेट गेल्या वर्षीच्या विक्रीवर ठरतं. यंदा जोर लावून १२० टक्के केलंत की पुढच्या वर्षी तेच तुमचं १०० टक्के, वर वाढ वेगळी. म्हणून शहाणी माणसं १०२-१०३ वर थांबतात आणि उरलेल्या ऑर्डरी एप्रिलसाठी राखून ठेवतात. ज्याचं ९२ वर अडकलंय तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात स्टॉकिस्टच्या (औषधांच्या ठोक व्यापाऱ्याच्या) पाया पडून माल टाकतो. एप्रिल-मेमध्ये तोच माल एक्सपायरी-ब्रेकेजच्या नावाने परत येतो आणि इन्सेंटिव्हमधून वजा होतो. स्टॉकिस्टला हे नाटक तोंडपाठ असतं. तो आधीच विचारतो, "उचलणार कधी?"

आमची पिढी जगली ती डीएवर, म्हणजे फिरतीच्या रोजच्या भत्त्यावर. हेडक्वार्टरचा वेगळा, एक्स-स्टेशनचा (जाऊन त्याच दिवशी परत) वेगळा, आउटस्टेशनचा (मुक्कामाचा) सगळ्यात मोठा. लॉजऐवजी मित्राच्या खोलीवर झोपून वाचवलेल्या डीएतून कित्येकांनी घराचे हप्ते फेडलेत. नवीन मुलांना एवढंच सांगेन की १९७६ चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉइजचा कायदा आमच्या संघटनांनी भांडून मिळवला. त्यात नेमणूकपत्र लेखी देणं बंधनकारक होतं. २०११ मध्ये तो बिस्किटं, सौंदर्यप्रसाधनं, रंग अशा इतर धंद्यांनाही लागू झाला, हे तिथल्या बहुतेकांच्या गावीही नव्हतं. आता तो नव्या श्रम संहितांमध्ये विलीन झालाय. नेमणूकपत्र मात्र तिथेही मागता येतं. मागा.

बॅगवाली

@जुना एमआर, तुमच्या डीएच्या गोष्टीत आम्ही नाही. बाईमाणूस म्हणून "काळजीपोटी" आउटस्टेशन देतच नाहीत. म्हणजे मोठा डीए नाही, मोठी टेरिटरी नाही, आणि प्रमोशनच्या वेळी ऐकायचं, "मॅडम, तुम्ही अपकंट्री (बाहेरगावची फिरती) केलेलंच नाही." फिक्स कागदावर अगदी समान. फरक सगळा खालच्या ओळींमध्ये.

हृदयस्थ

मी हार्टचे स्टेंट विकायचो. फेब्रुवारी २०१७ मध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, कमाल किंमत बांधून दिली: साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६००. त्याआधी औषध लावलेल्याची एमआरपी लाखाच्याही वर जायची. पेशंटच्या दृष्टीने फार चांगलं झालं. माझ्या काकांना वर्षभराने बसवला तेव्हा मीही हेच म्हणालो.

पण आमचा इन्सेंटिव्ह रुपयांवर होता, नगांवर नाही. नग तेवढेच जात होते, डॉक्टर तेच होते, कॅथलॅबबाहेर (जिथे स्टेंट बसवतात तिथे) रात्री उभं राहणंही तेच. टक्केवारी मात्र एका रात्रीत झोपली. टार्गेट नगांवर आणायला कंपनीने पुढची दोन क्वार्टर घेतली. इन्सेंटिव्ह व्हॅल्यूवर आहे की युनिटवर, हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक इंटरव्ह्यूत विचारतो.

पैठणी काउंटर

आमच्याकडे एवढं इंग्रजी नाही. दुकान लक्ष्मी रोडला, मी गादीवर बसून साड्या उलगडणारा. पगार १९ हजार, दिवाळीला बोनस, आणि खरी मजा टिकलीत. जो माल दोन सिझन पडून आहे त्याच्या लेबलच्या कोपऱ्यात पेनने छोटी टिकली असते. ती साडी गेली की नगामागे ५० ते २०० रुपये, रात्री हिशेब होताना रोख. चालू मालावर काही नाही, तो काय कुणीही विकेल.

त्यामुळे गिऱ्हाईक "काहीतरी वेगळं दाखवा" म्हणालं की आमचा हात कुठे जातो ते समजून घ्या. यात फसवणूक नाही. पडून राहिलेली साडी वाईट असतेच असं नाही. कधीकधी रंग दोन वर्षं लवकर आलेला असतो.

पंचांगावर आमचं पोट आहे. तुळशीचं लग्न लागलं की आम्ही सुटलो, पितृपक्षात माश्या मारतो. २०२६ चा अधिक महिना ज्येष्ठात, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईच्या पोटात. मालक आधीच म्हणाले होते, जरीकामाच्या शालूंची खरेदी बेताने करू. तरी धोंड्याच्या महिन्यात जावई-लेकीचं वाण असतं, सहावारी आणि धोतरजोड्या थोड्या हलतात. त्यावर टिकली नसते, हा भाग वेगळा.

खरीप-रब्बी

जालन्याहून. बियाण्यांच्या धंद्यात विक्री म्हणजे विक्री नाही, हे आधी समजून घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये बुकिंग, मेमध्ये माल दुकानात, जूनमध्ये आभाळाकडे डोळे. जुलैअखेर विकलं न गेलेलं बियाणं दुकानदार परत करतो. आमच्या भाषेत सेल्स रिटर्न. ते वजा होऊन, वर वसुली आली, तर इन्सेंटिव्ह. मेमध्ये मी जिल्ह्यात पहिला असतो आणि ऑगस्टमध्ये मायनसमध्ये, असंही झालंय. दोन्ही वेळा मी तोच माणूस होतो, फक्त मृग कोरडा गेला होता.

कपाशीत तर भावाचं हत्यारही हातात नाही. बीटीच्या (बोंडअळीला तोंड देणाऱ्या कपाशीच्या) पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं, बोलगार्ड-२ या बीटी प्रकाराचं पाकीट २०२४-२५ ला ८६४ रुपये होतं. मग ज्या वाणाला मागणी आहे त्याच्यासाठी शेतकरी रांग लावतो, तिथे सेल्समनचं काम फक्त शिव्या खाणं. आणि ज्याला मागणी नाही ते खपवायला शिवारफेऱ्या, दुकानदारांना सहली. सहलीला दुकानदार बँकॉकला जातो, आम्ही विमानतळापर्यंत.

आणखी एक. आमच्याकडे हंगामी पोरं घेतात, थर्ड पार्टीच्या (मधल्या ठेकेदाराच्या) पगारावर, चार-पाच महिन्यांसाठी. कृषी पदविका झालेली असतात. गावोगाव फिरून शेतकऱ्यांच्या याद्या तीच करतात. इन्सेंटिव्हच्या तक्त्यात त्यांचं नाव नसतं. मी टीमच्या वाटणीतून थोडं काढून द्यायचो, पण ते माझ्या मर्जीवर. हक्क काही नाही.

एजंटचा मुलगा

वडील चिपळूणजवळच्या खेड्यात एलआयसीचे एजंट. पगार शून्य, पण त्या धंद्यासारखी शेपटी कुठल्याच नोकरीला नाही. लांब मुदतीच्या पॉलिसीवर तेव्हा पहिल्या वर्षी २५ टक्के, वर बोनस कमिशन, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि मग पॉलिसी चालू असेपर्यंत ५ टक्के. वडील गेले. नियमाप्रमाणे जुन्या पॉलिस्यांचं कमिशन वारसाला मिळतं, ते अजून आईच्या खात्यात येतं. कुणा मास्तरांनी कधीतरी काढलेल्या मनीबॅकवर आईचं गॅस सिलिंडर येतं म्हणा ना.

पहिल्या वर्षाच्या कमिशनचं मात्र दिसतं तसं नसायचं. गिऱ्हाईकच विचारायचं, "पहिला हप्ता तुम्ही भरणार ना?" हे १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे बेकायदा, देणारा-घेणारा दोघेही दोषी. वडील देत नसत. त्यामुळे काही घरं शेजारच्या गावातल्या एजंटकडे गेली, त्यात आमचे सख्खे मामा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सरेंडर व्हॅल्यूचे (पॉलिसी मधेच मोडल्यावर मिळणाऱ्या रकमेचे) नियम बदलल्यावर पहिल्या वर्षाचं कमिशन उतरलं. जुन्या एजंटला फार फरक नाही, त्याचं रिन्युअल चालू आहे. नव्याने उतरणाऱ्याचे पहिले दोन-तीन वर्षांचे वांधे.

फोलिओ नंबर

वरच्या प्रतिसादाला जोडून. म्युच्युअल फंडात हेच आधी घडून गेलं. ऑगस्ट २००९ मध्ये सेबीने एंट्री लोड (गुंतवतानाच कापला जाणारा आकार) बंद केला, २०१३ च्या जानेवारीत डायरेक्ट प्लॅन (मध्यस्थाशिवाय घ्यायचे) आले, २०१८ मध्ये अपफ्रंट, म्हणजे सुरुवातीलाच मिळणारं कमिशन, गेलं. उरलं फक्त ट्रेल, म्हणजे गिऱ्हाइकाची गुंतवणूक टिकेपर्यंत तिच्या मूल्यावर मिळत राहणारं कमिशन. बाजार पडला की माझं उत्पन्न पडतं, एकही गिऱ्हाईक न जाता. पण आठ-दहा वर्षं टिकलात तर सुट्टीच्या दिवशीही मीटर चालू असतो. टिकेपर्यंत बायकोची नोकरी हवी. चेष्टा नाही, आमच्यातल्या बहुतेकांच्या धंद्याचं खरं भांडवल तेच आहे.

क्लोजिंगवाला

पुणे, वाकड-हिंजवडी. बिल्डरकडे आमच्यात दोन जाती: सोर्सिंग, म्हणजे ब्रोकर सांभाळून लोक साइटवर आणणारे, आणि क्लोजिंग, म्हणजे सॅम्पल फ्लॅट दाखवून चेक घेणारे. फिक्स ४०-४५ हजार, इन्सेंटिव्ह फ्लॅटमागे. बुकिंगला टाळ्या वाजतात, पैसे अॅग्रीमेंट रजिस्टर झाल्यावर. रेरा, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याप्रमाणे, करार नोंदल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, त्यामुळे आमचंही घोडं तिथेच अडतं. गिऱ्हाइकाचं होमलोन रखडलं, पत्रिकेत काही निघालं, दिशा पटली नाही, की बुकिंग कॅन्सल.

सोन्याचे दिवस पाहिले ते २०२० च्या अखेरीस. सरकारने मुद्रांक शुल्क डिसेंबरपर्यंत तीन टक्क्यांनी उतरवलं होतं. रजिस्ट्रार ऑफिसबाहेर मास्क लावून रांगा. त्या एका क्वार्टरचा इन्सेंटिव्ह आधीच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त होता. लोक म्हणाले काय विकतोस! मी काय केलं होतं, टोकन वाटले होते.

मधे नोकरी सोडलीत तर? माझ्या एका जुन्या ठिकाणी नियम होता की पैसे द्यायच्या तारखेला हजेरीपटावर नाव हवं. माझे तीन फ्लॅट पुढच्या महिन्यात रजिस्टर झाले. इन्सेंटिव्ह माझ्या जागी आलेल्या मुलाला मिळाला. त्याने निदान जेवण दिलं.

पेस्लिप

मी विकत नाही, तुमचे पगार काढते. एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही. ग्रॅच्युइटी बेसिक आणि महागाई भत्त्यावर निघत आली आहे, कमिशन त्यात धरत नाहीत. समजा महिन्याला सरासरी ४५ हजार मिळतात, त्यातलं बेसिक १४ हजार. दहा वर्षांनी ग्रॅच्युइटी १४,००० × १५/२६ × १०, म्हणजे ८१ हजारांच्या आसपास. हीच ४५ हजारांवर निघाली असती तर दोन लाख साठ हजारांच्या जवळ. पीएफची तीच कथा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. वेतनातून वगळलेले घटक (घरभाडे भत्ता, कमिशन वगैरे) एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, असं तिच्यात आहे. म्हणून हल्ली ऑफर लेटरांची मांडणी बदलताना दिसते. बेसिकची ओळ आधी वाचा, खालचा ठळक आकडा नंतर.

सॅन होजेचा नागपूरकर

इकडे सॉफ्टवेअर विक्रीत निम्मं फिक्स, निम्मं व्हेरिएबल हा सर्रास प्रकार, आणि जाहिरातीत दोन्हीची बेरीज छापतात. कोटा, म्हणजे टार्गेट, पार केला की पुढच्या प्रत्येक डॉलरवर दर चढतो, त्याला अॅक्सिलरेटर म्हणतात. @जुना एमआर, त्यामुळे इथे १०२ वर कुणी थांबत नाही. गिऱ्हाइकाने करार मोडला तर दिलेलं कमिशन परतही मागतात. कॅलिफोर्नियात २०१३ पासून कमिशनचा करार लेखी हवा, त्यावर सही हवी. कमिशन कधी "कमावलं" धरायचं ते त्या कागदावर असतं. क्लोजिंगवाल्याचे तीन फ्लॅट इथे त्या एका वाक्यावर अडकले किंवा सुटले असते.

बीट नंबर ७

सगळे मोठे लोक. मी डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन, साबण-बिस्किटं. रोज ४०-४५ दुकानं, मोबाइलवर ऑर्डर. १५ हजार पगार, इन्सेंटिव्ह चार गोष्टींवर: एकूण विक्री, किती दुकानांनी घेतलं, किती प्रकार घेतले, नवीन माल. चारही झाले तर साडेतीन हजार, एक हुकला तर निम्मे. पेट्रोल महिन्याला १,८०० ठरलेलं. ते ठरलं तेव्हा बीट (माझ्या दुकानांची ठरलेली फेरी) गावातलं होतं, आता हायवेपलीकडची तीन गावं जोडलीत.

@पेस्लिप ताई, आमचा पगार डिस्ट्रिब्युटर देतो, टार्गेट कंपनी देते, अॅपवर नाव कंपनीचं. नेमणूकपत्र मागायचं कुणाकडे?

पेस्लिप

@बीट नंबर ७, पगार ज्याच्या खात्यातून येतो त्याच्याकडे. रोख देत असेल तर आधी बँकेत मागा, मग पत्र. आणि अॅपवरचे टार्गेटचे स्क्रीनशॉट दर महिन्याला काढून ठेवा, महिना संपला की ते दिसेनासे होतात असं आमच्याकडचीही मुलं सांगतात.